कार्टून बंद करताना रडारड का होते? लहान मुलांची स्क्रीन मार्गी लावण्याची पद्धत

दोन ते पाच वर्षांच्या मुलाने दिवसाला एक तासाहून जास्त स्क्रीन बघू नये, हे बहुतेक आईबाबांना आता पाठ असतं. पण घरात भांडण पेटतं ते त्या तासावरून नाही, तो तास संपताना. रिमोटला हात लावला की आदळआपट, मोबाईल काढून घेतला की भोकाड. मग 'अजून पाचच मिनिटं' आणि त्या पाचाची पंचवीस. म्हणून इथे मिनिटांचा हिशेब थोडक्यात उरकला आहे. स्क्रीन कुठे अजिबात द्यायची नाही, दिली तर सुरू कशी करायची आणि बंद कशी करायची, यावर भर आहे. हे सगळं जन्मापासून साधारण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी.

आधी तीन दिवस नुसतं लिहा

काहीही बदलू नका, फक्त नोंद ठेवा. दोन कामाचे दिवस आणि एक सुट्टीचा. प्रत्येक वेळी सहा गोष्टी लिहायच्या: कधी सुरू झालं, कधी बंद झालं, मूल कुठे होतं, स्क्रीन कुणी दिली, देण्याच्या आधी काय चाललं होतं, आणि बंद केल्यावर काय झालं. नमुन्यादाखल एका दिवसाची नोंद अशी दिसेल:

८.१० ते ८.३५, जेवणाच्या टेबलाशी, बाबांनी दिली. घास गालात धरून बसला होता. बंद केल्यावर रडला.
१.०५ ते १.५०, गादीवर, आजीने दिली. झोपेला आला होता. डोळे चोळत बघत राहिला, झोप उडाली.
६.४० ते ७.२०, गाडीत, आईने दिली. कंटाळून किरकिर करत होता. गाडीतून उतरायलाच तयार नाही.

बेरीज होते एक तास पन्नास मिनिटं. पण बेरजेपेक्षा पाचवा रकाना जास्त बोलतो. तिन्ही वेळा मुलाने स्क्रीन मागितलेली नाही. मोठ्यांना काहीतरी उरकायचं होतं, भरवणं, झोपवणं किंवा शांत बसवणं. अशा घरात 'दिवसाला एकच तास' असा नियम केला तरी तो चौथ्या दिवशी मोडतो, कारण ज्या अडचणीसाठी स्क्रीन आली ती अडचण तिथेच असते. त्यामुळे आधी अडचण सोडवायची, मिनिटं मग आपोआप कमी होतात.

कुणी बघत नसताना खोलीत चालू असलेला टीव्ही वेगळ्या ओळीत लिहा. तो का मोजायचा, ते पुढे येईल.

वयाप्रमाणे किती

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार पहिल्या वर्षात स्क्रीन नको, दुसऱ्या वर्षातही नको, आणि दोन ते चार वर्षं वयात जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तम. त्याच सूचनांमध्ये झोप आणि हालचालीचे आकडे आहेत, पण ते फार कमी वाचले जातात. एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते, दुपारची धरून. आणि दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी. तीन-चार वर्षांच्या मुलांच्या बाबतीत त्यातली ६० मिनिटं दम लागेल अशी.

हे आकडे एका दिवसात बसवून बघा. तीन वर्षांचं मूल साडेअकरा तास झोपतं, उरले साडेबारा. खाण्यापिण्यात अडीच, आंघोळ-कपडे-शी-शूमध्ये दीड, धावपळीत तीन. उरले साडेपाच. खेळशाळा तीन तासांची असेल तर हातात राहतात अडीच तास. त्यात ठोकळे, चित्रं, गोष्टी, घरातली लुडबुड आणि नुसतं लोळणं हे सगळं यायचं आहे. या अडीच तासांत एक तास कार्टून बसतं. तीन तास बसूच शकत नाहीत. ते झोपेतून किंवा धावण्यातून कापले जातात. 'किती चालेल' असा प्रश्न पडला की हीच वजाबाकी करायची.

दोन वर्षांखाली एवढं कडक का?

कारण एवढ्या लहान मुलाला स्क्रीनवरून फारसं शिकताच येत नाही. २००३ साली पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. घरी इंग्रजी ऐकणाऱ्या बाळांपैकी काहींशी मँडरिन ही चिनी भाषा बोलणारी माणसं समोर बसून खेळली, पुस्तकं वाचून दाखवली. १२ बैठकांनंतर या बाळांना मँडरिनमधले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. दुसऱ्या गटाने तीच माणसं आणि तेच बोलणं व्हिडिओवर पाहिलं. त्यांच्यात असं शिकणं दिसलं नाही. बाळ बघतं तिकडे माणूस बघतो, बाळ हुंकारतं तेव्हा थांबतो, हसतं तेव्हा हसतो. व्हिडिओ यातलं काहीच करत नाही.

'पण आमची तर मोबाईल बघून सगळी गाणी म्हणते' असं बरेच जण सांगतात. म्हणते ते खरं आहे. प्रश्न एवढाच की त्यातला शब्द तिला वापरता येतो का. गाण्यात 'चेंडू' म्हणणारं मूल खरा चेंडू हवा असताना 'चेंडू' म्हणतं, की नुसतं बोट दाखवून ओरडतं? हे आठवडाभर लक्ष देऊन पाहा.

व्हिडिओ कॉल मात्र या मनाईत धरत नाहीत, कारण पलीकडचं माणूस उत्तर देतं. पाच-दहा मिनिटं, एक मोठं माणूस बाळाच्या शेजारी आणि फोन टेकवून ठेवलेला, हातात नाही. पलीकडच्यांना 'मी कोण? नाव सांग' अशी परीक्षा घेऊ नका म्हणून सांगा. त्यापेक्षा रुमालाआड तोंड लपवून 'भुऽऽक' करणं कितीतरी पटीने चालतं.

तीन जागा कायमच्या बंद

जेवण, झोप आणि रडणं या तीन ठिकाणी स्क्रीन नाही, एवढं जमलं तर निम्मं काम झालं. यातलं सगळ्यात अवघड जेवण आहे, म्हणून तिथे जरा रेंगाळू.

स्क्रीनसमोर भरवलेलं मूल तोंड उघडतं, पण जेवत नाही. डोळे पडद्यावर खिळलेले असतात, चमचा ओठाला लागला की तोंड आपोआप उघडतं. पोट भरल्याची जाणीव व्हायला घासाकडे थोडं तरी लक्ष लागतं, ते नसतं. त्यामुळे एखादं मूल गरजेपेक्षा जास्त खातं, तर एखादं घास गालात साठवून ठेवतं कारण चावायचंच विसरतं. शिवाय लोळत, हसत, पडद्याकडे मान वळवून खाताना घास घशात अडकण्याचा धोका असतो तो वेगळाच.

सवय मोडायची पद्धत अशी:

१. दिवसातलं एकच खाणं निवडा, जेव्हा मूल सर्वात भुकेलेलं असतं ते. बहुधा बाहेर खेळून आल्यानंतरचं.
२. त्याआधी दोन ते अडीच तास दूध, बिस्कीट, रस काहीही नाही. पाणी चालेल. 'भूकच लागत नाही' या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा पाऊण तासापूर्वीच्या दुधाच्या पेल्यात सापडतं.
३. मुलाबरोबर किमान एक मोठं माणूस स्वतःही जेवायला बसेल. भरवणारा एक आणि जेवणारा एक अशी मांडणी असली की ते काम वाटतं.
४. ताटात अगदी थोडं वाढा: प्रत्येक पदार्थ, वयाच्या प्रत्येक वर्षाला साधारण एक मोठा चमचा. मोठ्यांना ते केविलवाणं दिसतं, पण संपलेलं ताट मुलाला पुन्हा मागायला लावतं.
५. एक तरी पदार्थ हाताने धरून खाता येईल असा ठेवा. हात गुंतले की पडद्याची आठवण कमी होते.
६. वीस ते तीस मिनिटांनी, खाल्लं असो वा नसो, ताट उचला. रागावू नका, मनधरणी करू नका. पुढचं खाणं ठरल्या वेळीच.

पहिले तीन-चार दिवस मूल कमी खाणार, हे धरून चाला. इथेच बहुतेक घरं कोसळतात: दुसऱ्या दिवशी उपाशी राहील या भीतीने मोबाईल परत येतो आणि मूल शिकतं की दीड दिवस ताणलं की मिळतो. एका जेवणाचा नाही, आठवड्याचा हिशेब बघा. एक खाणं चारपाच दिवस नीट बसलं की दुसरं घ्या. अगदीच जमत नसेल तर मधली पायरी म्हणून चार दिवस फोन पालथा ठेवून फक्त गाणं लावा, मग तेही थांबवा. वजन आधीच कमी असलेल्या, वारंवार आजारी पडणाऱ्या किंवा गिळायला त्रास होणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करा.

झोपेचं गणित प्रकाशाचं आहे. २०१८ साली कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या दहा मुलांना झोपायच्या आधी तासभर प्रखर प्रकाशात खेळवलं. त्यांच्या शरीरातलं मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक, सरासरी ८८ टक्क्यांनी घटलं, आणि प्रकाश बंद केल्यावर पन्नास मिनिटांनीही बऱ्याच मुलांमध्ये ते सावरलेलं नव्हतं. दहा मुलांचा प्रयोग लहान आहे आणि तिथला प्रकाश मोबाईलपेक्षा खूपच तीव्र होता. तरी लहान मुलांच्या बाहुल्या मोठ्या असतात, डोळ्याचं भिंग स्वच्छ असतं, त्यामुळे त्यांच्या डोळ्यात प्रकाश जास्त शिरतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. झोपेआधी एक तास सगळ्या स्क्रीन बंद, खोलीतला मोठा दिवा बंद, कोपऱ्यातला लहान दिवा चालू. फोन चार्जिंगला झोपायच्या खोलीबाहेर. मोठ्यांचाही, अंधारात उशाशी उजळणारा फोन मुलाला अर्धवट झोपेतही दिसतो.

रडण्याबद्दल. मिशिगन विद्यापीठाच्या २०२२ च्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना शांत करायला वरचेवर मोबाईल देणं आणि काही महिन्यांनी त्या मुलांचा भावनिक उद्रेक वाढणं यांचा संबंध दिसला, मुलग्यांमध्ये जास्त. यात एक चक्र आहे. चटकन चिडणाऱ्या मुलाच्या हातातच फोन जास्त वेळा येतो, आणि फोन आल्यावर रागातून स्वतः बाहेर पडण्याचा सराव होत नाही. पर्याय साधे आहेत: जवळ बसणं, 'तुला राग आलाय, टॉवर पडला ना' असं एकाच वाक्यात म्हणणं, पाणी, उशी आवळायला देणं, बोटांवर फुंकर मारायला लावणं. ओरडणं टिपेला पोहोचलं असेल तेव्हा बोलू नका, तेव्हा मुलाला काही ऐकूच येत नाही. टाके घालताना, इंजेक्शनच्या वेळी किंवा नेब्युलायझर घेताना मात्र कार्टून लावायला काहीच हरकत नाही. ती वेळ राग आवरायला शिकण्याची नसते.

वेळ ठरवताना घड्याळाऐवजी क्रम वापरा

लहान मुलाला 'साडेपाच' कळत नाही, 'दूध प्यायल्यावर' कळतं. म्हणून स्क्रीनची जागा दोन ठरलेल्या कामांच्या मध्ये ठेवा: दुपारी झोपून उठणं, दूध, कार्टूनचे दोन भाग, बूट, बाहेर. पाच चित्रं काढून भिंतीवर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा. कार्टूनच्या चित्रानंतरचं चित्र मुलाला आवडणाऱ्या गोष्टीचं हवं. स्क्रीननंतर लगेच आंघोळ किंवा झोप ठेवलीत तर बंद करताना लढाई ठरलेलीच.

सकाळी उठल्या उठल्या स्क्रीन देऊ नका. दिवसाची पहिली गोष्ट तीच झाली की पुढचं सगळं फिकं वाटतं, आणि पहाटे लवकर उठण्याचं कारणही मुलाला मिळतं. एक तास एकदम देण्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटांचे दोन तुकडे बरे. बक्षीस किंवा शिक्षा म्हणून स्क्रीन वापरायची नाही. 'भाजी संपव, मग मोबाईल' म्हटलं की भाजीचा भाव पडतो आणि मोबाईलचा चढतो.

बंद कसं करायचं

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली लहान मुलांच्या घरांमध्ये स्क्रीन बंद होतानाचे प्रसंग नोंदवून घेतले. 'दोनच मिनिटं राहिली' अशी पूर्वसूचना दिलेल्या वेळी मुलं जास्त त्रागा करत होती. जवळजवळ प्रत्येक पुस्तकात अशी सूचना द्यायला सांगतात, त्यामुळे हे निष्पन्न खुद्द संशोधकांनाही अनपेक्षित होतं. त्याउलट भाग संपताना बंद केलं, रोजच्या क्रमाप्रमाणे बंद केलं किंवा यंत्रच आपणहून थांबलं, तर मुलं सहज उठत होती.

कारण थोडा विचार केला की पटतं. तीन वर्षांच्या मुलाला दोन मिनिटं म्हणजे किती ते कळत नाही, पण 'आता काढून घेणार' एवढं बरोबर कळतं. म्हणजे सूचना देऊन आपण त्याला वाद घालायला दोन मिनिटं बहाल करतो. आणि गोष्टीच्या मध्येच तोडलं, तर मुलाचं रडणं हट्टाचं नसतं. ससा विहिरीत पडलेला असताना पडदा काळा झाला तर मोठं माणूसही वैतागेल.

म्हणून:

सुरू करण्याआधी मोजून सांगा: 'हे दोन भाग. दुसऱ्यात शेवटचं गाणं लागलं की बंद.' सात ते अकरा मिनिटांचे, सुरुवात-शेवट असलेले भाग निवडा. असे दोन भाग म्हणजे पंधरा-वीस मिनिटं.

पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय आधीच बंद करून ठेवा. शेवट हा त्या सोयीमुळेच नाहीसा होतो; शेवटचं गाणं संपायच्या आत पुढचं चित्र कोपऱ्यात उगवतं.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे ठरलेले दोन भाग आधी डाउनलोड करा आणि टॅब विमान मोडवर टाका. दुसरा भाग संपला की खरंच काही उरत नाही. 'संपलं' हे मग आईचं मत राहत नाही.

शेवटच्या मिनिटाला तुम्ही शेजारी जाऊन बसा, पडद्याकडे बघा, चाललंय त्यावर एक वाक्य बोला: 'अरे, हत्ती घरी पोहोचला!' मग बटण मुलालाच दाबू द्या. चार वर्षांच्या मुलाला या बटणाचा मोठा मान वाटतो. आणि लगेच पुढची वस्तू हातात: बूट, चेंडू, पाण्याचा झारा. स्वयंपाकघरातून 'बंऽऽद कर रे' असं तीनदा ओरडणं कामाचं नाही. तिसऱ्यांदा ओरडेपर्यंत मूल शिकलेलं असतं की पहिल्या दोन हाका मोजायच्या नसतात.

तरीही रडलं तर? रडू द्या. 'अजून बघायचं होतं, हो ना. उद्या दूध प्यायल्यावर परत' एवढंच, एकदाच. नवा नियम लावल्यावर तीन ते सात दिवस रडणं आधी वाढतं आणि मग उतरतं, हे बऱ्याच सवयींच्या बाबतीत होतं. त्या वाढलेल्या दिवसांत एकदा जरी शरण गेलात तर मूल पुढच्या वेळी तिथपर्यंत रडून बघेल. कधीकधी मिळणारं बक्षीस सवय सर्वात घट्ट करतं. आजारपण, पाहुणे किंवा प्रवास तोंडावर असेल तर नियम लावायला सुरुवातच करू नका. पुढचे दोन आठवडे सपाट असतील तेव्हा करा.

काय दाखवायचं

कार्यक्रमाच्या वर्णनात 'शैक्षणिक' लिहिलेलं असणं फारसं सांगत नाही. स्वतः पाच मिनिटं आवाज बंद करून पाहा. दर दोन-तीन सेकंदांना दृश्य बदलतं, सगळं सतत झगझगतं, तर ते सोडा. २०११ सालच्या एका प्रयोगात चार वर्षांच्या मुलांनी एक वेगवान कार्टून फक्त नऊ मिनिटं पाहिलं, आणि लगेच घेतलेल्या लक्ष व संयमाच्या चाचण्यांत ती चित्रं काढत बसलेल्या मुलांपेक्षा मागे पडली. परिणाम किती टिकतो हे त्यातून कळत नाही, पण अभ्यासाला किंवा जेवायला बसवायच्या आधी असलं कार्टून नको एवढं नक्की.

बरा कार्यक्रम कसा ओळखायचा? पात्रं थांबतात, एकमेकांचं ऐकतात. गोष्ट दुसऱ्या दिवशी मुलाला दोन वाक्यांत सांगता येते. तोच भाग पुन्हा पाहिला तर चालतो, उलट चांगलंच. लहान मुलं पुनरावृत्तीतून शिकतात. खेळणी उघडून दाखवणारे व्हिडिओ आणि बोटाने सरकवायच्या छोट्या उभ्या क्लिप यांना या वयात जागाच नाही. तिथे गोष्ट नाही, शेवट नाही.

शेजारी बसून बघणं म्हणजे सतत प्रश्न विचारणं नव्हे. एका भागात दोन-तीन वाक्यं पुरेत: एकदा नाव सांगा ('हा बगळा'), एकदा भावना ('ती घाबरली वाटतं'), आणि नंतर खऱ्या आयुष्याशी जोडा ('आपणही बी पेरू या का?'). रोज शेजारी बसणं जमणार नाही. निम्म्या वेळा जमलं तरी पुष्कळ.

यंत्राची तयारी

मोठ्या पडद्याला प्राधान्य द्या. टीव्ही लांब असतो, सगळ्यांना दिसतो, पलंगाखाली नेता येत नाही. त्यानंतर टॅब, शेवटी फोन.

यूट्यूब किड्समध्ये मुलाच्या प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये 'फक्त पालकांनी निवडलेलं' असा पर्याय आहे. तो घेतला की शोध बंद होतो आणि तुम्ही टिक केलेलेच व्हिडिओ किंवा वाहिन्या दिसतात. सुरुवातीला दहा-बारा भाग निवडायला अर्धा तास जातो, पण तो एकदाच. खालच्या कोपऱ्यातल्या कुलपाच्या चिन्हातून टायमर लावता येतो. वेळ संपली की अॅप स्वतः थांबतं. फक्त टायमर भागाच्या लांबीशी जुळवा, नाहीतर तो गोष्टीच्या मध्येच तोडेल आणि पुन्हा तेच.

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगच्या शोधचौकटीत 'पिन' टाइप करा. अॅप पिन करण्याची सोय सापडते. कंपनीनुसार तिची जागा बदलते. ती चालू करताना 'बाहेर पडताना पिन विचारा' हेही निवडा, नाहीतर दोन बोटांच्या खेळात मूल बाहेर पडून तुमच्या कार्यालयातल्या गटावर चाळीस इमोजी पाठवेल. आयफोनवर हीच सोय अॅक्सेसिबिलिटीमध्ये 'गायडेड अॅक्सेस' नावाने आहे. बाजूचं बटण (जुन्या फोनवर होम बटण) तीनदा दाबलं की सुरू होते, आणि तिच्यात वेळेची मर्यादाही घालता येते. अॅप दुकानातल्या प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावून ठेवा.

डोळे, कान, मान

लहानपणी डोळ्यांना लांबचं न दिसण्याचा नंबर लागू नये म्हणून आपल्या हातातला सर्वात पक्का उपाय म्हणजे बाहेरच्या उजेडात घालवलेला वेळ. दिवसा बाहेर सहज दहा हजार लक्सहून (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) अधिक उजेड असतो, घरात काहीशे. रोज दोन तास बाहेर, सावलीतही चालतं. स्क्रीन बघताना पापण्या कमी मिटतात म्हणून डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी खिडकीतून लांबचं काहीतरी बघायला लावा. टॅब निदान ४० सेंटीमीटरवर, मांडीऐवजी टेबलावर टेकवलेला. निळा प्रकाश अडवणारे चष्मे घेऊ नका: वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात, मुख्यतः प्रौढांवरच्या अभ्यासांतून, त्यांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असं दिसलं नाही. हेडफोनपेक्षा उघडा, हळू आवाज बरा. काय चाललंय ते तुम्हालाही ऐकू येतं.

कुणीच बघत नसलेला टीव्ही

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दोन महिने ते चार वर्षांच्या मुलांच्या अंगावर छोटं ध्वनिमुद्रण यंत्र बसवून दिवसभरातलं बोलणं मोजलं. टीव्हीचा आवाज ऐकू येणाऱ्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानावर मोठ्या माणसांचे सरासरी ७७० शब्द कमी पडत होते. मूल टीव्ही बघत नसलं तरी आपण बोलायचं थांबतो, आणि त्याचा खेळही तुटक होतो: ठोकळा उचलतं, मान वळवतं, काय करत होतं ते विसरतं. त्यामुळे कुणी बघत नसेल तर टीव्ही बंद. घरात हा एकच बदल करायचा म्हटलं तर हाच करा. मुलाकडून काही काढून घ्यावं लागत नाही, म्हणून रडणंही नाही.

आपल्या फोनचंही तसंच. तो पूर्ण सोडणं शक्य नसतं, पण मुलासमोर उचलताना कारण मोठ्याने सांगा: 'मावशीला निरोप पाठवते, मग ठेवते.' दोन फायदे होतात. मुलाला कळतं की फोन हे कामाचं साधन आहे, आणि निरोप पाठवून झाल्यावर बोट पुढे सरकवायला आपल्यालाच लाज वाटते.

आजीआजोबा किंवा सांभाळणाऱ्या ताई यांना 'देऊ नका' एवढंच सांगितलं तर जमत नाही. दिवसभर चिडचिड्या मुलाला सांभाळणाऱ्या माणसाच्या हातातून एकमेव साधन काढून घेतलं तर त्याला दुसरं द्यावं लागतं. एक खोकं भरून द्या: मोठे मणी आणि नाडी (तीन वर्षांपुढच्यांनाच), कणकेचा गोळा, झाकणं आणि डबे, जुनी मासिकं फाडायला. दर आठवड्याला त्यातल्या दोन वस्तू बदला.

कधी दाखवून घ्यायचं

बारा महिन्यांनंतरही नावाने हाक मारल्यावर बघत नाही, अठरा महिन्यांनंतर हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, सोळा-अठरा महिन्यांपर्यंत अर्थाचा एकही शब्द नाही, दोन वर्षांनंतर दोन शब्द जोडत नाही, किंवा आधी येत असलेले शब्द गेले, तर 'मोबाईल बंद केला की बोलेल' असं म्हणत थांबू नका. स्क्रीन बंद कराच, पण त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि कानाची तपासणी मागा. कमी ऐकू येणारं मूलही पडद्यासमोर शांत बसतं. जाताना ती तीन दिवसांची वही घेऊन जा. 'थोडा वेळच बघतो' या उत्तरापेक्षा डॉक्टरांना तिचा उपयोग जास्त होतो.